दोन झग्यांचा एक झगा

मंडळी, अमेरिकेत थ्रिफ्ट स्टोअर नावाची दुकाने असतात. थ्रिफ्ट म्हणजे काटकसर. लोकांनी दिलेल्या वापरलेल्या वस्तू तिथे थोड्या किमतीत मिळतात. अशी दुकाने चालवणारी एक मोठी संस्था म्हणजे 'गुडविल'. तिची सुरुवात 1902 साली बोस्टन शहरात एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने केली. सधन वस्तीत फिरून तो जुने कपडे गोळा करी, पण ते नुसते वाटून टाकीत नसे. गरिबांनाच कामावर घेऊन तो ते दुरुस्त करवी, त्यांना मजुरी देई आणि मग कपडे विकी. घेणाऱ्याला हात पसरावा लागत नसे. मला यातली खरी गोष्ट हीच वाटते.

या दुकानांत लग्नात किंवा नृत्यसमारंभात एकदाच घातलेले घेरदार झगे टांगलेले असतात. हौशी मुली दोन-तीन झगे घेतात, उसवतात आणि एकाचा घेर, दुसऱ्याची जाळी असे करून प्रेमकथेतल्या नायिकेचा वाटावा असा नवाच झगा शिवतात. हे गरिबांपुरतेच आहे असे मात्र नाही. इंग्लंडची राजकन्या बिट्रिस हिचे लग्न 17 जुलै 2020 रोजी विंडसरला झाले. तिने आपल्या आजीचा, म्हणजे एलिझाबेथ राणीचा, जुना झगा बदलून घेतला होता. राणीने तो 1962 मध्ये एका चित्रपटाच्या पहिल्या खेळाला घातला होता. त्याला तलम ऑर्गन्झाच्या आखूड बाह्या लावल्या, आणि आजीचा झगा नातीच्या अंगावर नवरीचा झाला.

इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरला हे उद्योग कुठे सुचले, असे तुम्ही म्हणाल. निमित्त झाले आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे. नाटकातल्या नायिकेला फुग्यांच्या बाह्यांचा झगा हवा होता आणि पैशांचा खडखडाट होता. कुणीतरी लग्नाच्या स्वागतसमारंभात वापरलेले दोन झगे आणून दिले. दुसऱ्या दिवशी नायिकेची आई दारात उभी. शेतमजुरी करणारी बाई, पण ताठ कण्याची. म्हणाली, "सर, दुसऱ्याच्या अंगावरनं उतरलेलं माझ्या पोरीनं का घालावं? आम्ही गरीब हाय, मागते न्हाय."

मी तिला राजकन्येची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "राणीचं येगळं. तिला कोण मागती म्हणंल?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. बाईचे म्हणणे खरेच होते. मी एवढेच म्हटले, की मुलगी स्वतः शिवणार आहे; तुम्ही कापड तरी पाहून जा. बाईने झगा हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि काखेपाशी अंगठा दाबून म्हणाली, "हे गेलंय." जन्मभर जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवलेला हात तो! मग ती तीन दिवस संध्याकाळी येत राहिली.

तिच्याकडून आणि मशीनवर बसणाऱ्या मुलींकडून जे कळले, ते सांगतो. झग्याची चोळी बहुधा घामाने विरलेली असते. तिचा मोह धरू नये. खरे धन घेरात. तिथे कळ्याच कळ्या असतात आणि अंगाची झीज नसते. लुगड्याचे तरी काय, मधला भाग जातो, काठ-पदर राहतो. म्हणून तर आईच्या लुगड्यातून मुलीचा परकर निघतो. शिवण कात्रीने कापायची नाही, पात्याने एकेक टाका उसवायचा, म्हणजे शिवणीतली माया हाती राहते. पण साटीनवर सुईची जुनी भोके जात नाहीत, बरं का! तेव्हा नवी शिवण जुनीच्या आतल्या अंगाने घ्यावी, नाहीतर भोकांवर लेस टाकावी. साटीनची चकाकीही पाहायची. एक कळी सुलटी आणि दुसरी उलटी लागली, तर एकाच कापडाचे दोन रंग दिसतात.

आमचे दोन्ही झगे पांढरे होते, पण एक दुधासारखा आणि एक सायीसारखा. सुती किंवा रेशमी असते, तर चहाच्या पाण्यात बुडवून एका रंगाचे करता आले असते. पॉलिएस्टरला चहा चढत नाही. म्हणून एकाचे अस्तर केले, दुसरा वर घेतला आणि उरलेल्या जाळीच्या चुण्या घालून बाह्या फुगवल्या. त्याआधी चोळी मांजरपाटावर बेतून मुलीच्या अंगाला लावून पाहिली होती. जुने कापड एकदा चुकीचे कापले, की दुसरे आणायचे कुठून?

प्रयोगाच्या रात्री ती बाई पहिल्या रांगेत होती. शेजारणीला सांगत होती, "बाह्या मी लावल्यात."

शिक्षक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. शिवणाच्या तासाला मुलांना कोऱ्या कापडावर टाके घालायला लावतो, त्याऐवजी एकदा घरचे जुने लुगडे, सदरा, झगा आणायला सांगा. मुलामुलींना, दोघांनाही. पहिले दोन तास नुसते उसवण्यात जातील, जाऊ द्यात. आणि कापड आणतानाच ते धुऊन आणायला सांगा, म्हणजे आटायचे ते बेतण्याआधीच आटेल.