खाटेवरून काय दिसते?

(मदतदारांच्या नाशिक येथील सभेत एका वास्तुरचनाकाराने केलेल्या भाषणाचा मजकूर. पेठ-सुरगाणा भागासाठी योजलेल्या नव्या वॉर्डाच्या नकाशावर त्या दिवशी चर्चा झाली.)



नव्या वॉर्डाचा नकाशा समजावून सांगावा म्हणून मला इथे बोलावले आहे. नकाशा मागच्या भिंतीवर लावला आहे. तो पाहण्याआधी माझ्या हातून बिघडलेल्या एका इमारतीची हकिगत सांगतो, कारण नकाशातल्या बऱ्याच रेघा तिथूनच आल्या आहेत.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम भागात मी दहा खाटांचा एक दवाखाना बांधला. देणगी देणाऱ्यांना तो शहरातल्यासारखा दिसायला हवा होता आणि खरे सांगायचे तर मलाही तसाच हवा होता. पश्चिमेकडे रस्ता, म्हणून दर्शनी भाग पश्चिमेला. त्यावर न उघडणारी निळसर काच, आत फॉल्स सीलिंग, खाली गुळगुळीत फरशी. उद्घाटनाचे फोटो फार सुंदर आले. त्यातला एक बरीच वर्षे माझ्या ऑफिसात टांगलेला होता.

पुढच्या जूनमध्ये मी तिथे गेलो. वीज सकाळपासून गेलेली. वॉर्डात अंधार आणि घामट उकाडा. तपासणीला आलेली माणसे आत बाकांवर बसण्याऐवजी समोरच्या आंब्याखाली बसली होती. आत एका खाटेवर कोकणा समाजाची एक आजी होती, छातीत कफ भरून ताप चढलेला. जो कोणी जवळून जाईल त्याला ती एकच विचारत होती : पाऊस लागला का? घरी राब भाजून ठेवलेला, नागलीचे बी टाकायचे होते आणि सगळे पहिल्या पावसावर अडलेले. खिडकी तिच्या उशाशीच होती. पण तिची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर, आणि काच अशी की बाहेरचे आभाळ नेहमीच ढगाळ वाटावे. तिला दिसत होते ते फक्त फॉल्स सीलिंगचे चौकोन आणि बंद पडलेली ट्यूबलाईट.

तिसऱ्या दिवशी, औषधे पुरी व्हायच्या आत, ती मुलाला घेऊन घरी निघून गेली. सिस्टरांनी खूप विनवले. ती फक्त खिडकीमुळे गेली असे मी म्हणणार नाही. शेत होते, घर होते, पैशांची काळजी असेल. पण तिला थांबावेसे वाटेल असे त्या इमारतीत काही नव्हते, एवढे मला दिसले. ती गेल्यावर मी त्या रिकाम्या खाटेवर आडवा झालो. आयुष्यात तोवर मी तीन दवाखाने बांधले होते आणि खाटेवर पडून एकदाही वर पाहिले नव्हते.

मग मी वाचायला लागलो. १९८४ साली रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाचा एक छोटा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. वय वगैरे बघून त्यांच्या २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडे दिसणाऱ्यांनी तीव्र वेदनाशामके कमी घेतली आणि नर्सच्या वहीत त्यांच्याविषयी रडारड, चिडचिड अशा नोंदीही कमी होत्या. अभ्यास लहान आहे, त्यावरून चमत्कार सांगू नये. पण इस्पितळ तेच, शस्त्रक्रिया तीच आणि फरक खिडकीबाहेरचा, हे विसरता येत नाही.

त्याच्या कितीतरी आधी, १९३३ मध्ये, फिनलंडमध्ये पाइमियो येथे आल्वार आल्टो या वास्तुरचनाकाराने क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम बांधले. रोगी दिवसचे दिवस पाठीवर पडून असतो, हे धरून त्याने खोल्या आखल्या. छताला डोळ्यांना निवेल असा गडद हिरवट रंग, दिवा रोग्याच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी, आणि शेजारच्या रोग्याची झोप मोडू नये म्हणून नळाचे पाणी आवाज न करता पडेल असे तिरके बेसिन. मी मात्र उभ्या माणसासाठी, तेही फोटो काढणाऱ्या उभ्या माणसासाठी, दवाखाना बांधला होता.

पण परदेशातले दाखले फार झाले. आपल्या कामाला जवळचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गोंड लोक दवाखान्यात यायला का कचरतात, हे त्यांनी लोकांनाच विचारले. मिळालेली उत्तरे डॉ. बंग यांनी अनेक व्याख्यानांत सांगितली आहेत. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. तिथले लोक पांढरे कपडे घालतात आणि आमच्यात पांढरे कापड मढ्यावर घालतात. आमच्या माणसाला आत ठेवून आम्हाला बाहेर काढतात. आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठे आहे?

यातल्या एकाही उत्तरात औषधाची तक्रार नाही, डॉक्टरच्या हुशारीची नाही, फीचीही नाही. बहुतेक तक्रारी भिंती, दारे आणि कपड्यांच्या आहेत. शोधग्राममध्ये त्यावर दवाखाना उभा राहिला तो आदिवासी गावासारखा : मोठी इमारत न बांधता झोपड्यांसारखे वॉर्ड, भोवती झाडे, आणि रुग्णाजवळ त्याच्या माणसांना राहता येईल अशी सोय. नाव लोकांच्या देवीचे, माँ दंतेश्वरी दवाखाना. आपल्यापैकी काहींना हे नाव खटकेल, मी समजू शकतो. आपण ठेवले असते तर वेगळे ठेवले असते. मला त्यातून घ्यायचा आहे तो क्रम. आधी विचारले, मग बांधले. आपण बहुधा आधी बांधतो आणि मग लोक का येत नाहीत यावर समिती नेमतो.

म्हणून या नकाशाआधी मी आणि आपल्या दोन सिस्टर पाड्यांवर फिरलो. प्रश्न एकच विचारला : तुमच्या घरात आजारी माणूस कुठे झोपवता? जवळजवळ सगळ्यांनी ओसरीकडे बोट दाखवले. कारवीच्या कुडाला सारवलेल्या भिंती, वर कौले, आत चुलीचा धूर. तिथून आजारी माणसाला ओसरीत आणतात. वारा लागतो, अंगण दिसते, येणारे-जाणारे बोलतात, आणि घरातल्यांचे कामातून लक्षही राहते. त्यांच्याकडे वॉर्ड आधीपासून आहे. आपण त्याला काचेच्या आत नेतो आणि म्हणतो, आता बरा हो.

आता डॉक्टर मंडळींचा रास्त प्रश्न : हवा-उजेडाने रोग बरा होतो का? नाही होत. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उघडले, पुढे वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झाले. आपल्या देवळालीतही मुंबईची माणसे हवापालटाला येत. त्या काळी क्षयावर विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा यांपलीकडे हातात फारसे नव्हतेच. स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ मध्ये. आणि १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्राने दाखवून दिले की, गोळ्या नेमाने घेतल्या तर कोंदट घरात राहणारा गरीब रुग्णही सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. रोग औषधाने जातो, हे मान्य करूनच मी पुढे बोलतो.

इमारत दोन कामे करू शकते. औषध लागू पडेपर्यंत माणसाला तिथे टिकवणे, हे पहिले. ती आजी टिकली नाही. दुसरे काम शेजारच्या खाटेला वाचवण्याचे. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ इस्पितळांत हवा मोजली गेली, तो अभ्यास २००७ मध्ये आला. दारे-खिडक्या उघडल्या की खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. क्षयरोग्यांसाठी मुद्दाम यंत्रे बसवलेल्या बंद खोल्यांत १२ वेळा. सर्वांत चांगल्या ठरल्या त्या पन्नास वर्षांहून जुन्या इमारती : उंच छत, मोठ्या खिडक्या. खोकल्यातून पसरणाऱ्या रोगांसाठी हा फरक मोठा आहे, आणि आपल्या भागात वीज किती वेळ असते हे तुम्ही जाणता.

उजेडाबद्दल सिस्टरांच्या अभिमानाची एक गोष्ट. १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या इस्पितळात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याचे अंग फिकट झाले होते, पण दुपट्याखाली झाकलेला तुकडा अजून पिवळा होता. त्यातून पुढे काविळीच्या बाळांना निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा उपचार आला. आज हे काम दिव्याखालीच करतात, बाळाला उघड्या उन्हात ठेवून नव्हे, हे घरी जाऊन सुनांना सांगा. पण त्या बाईने बाळांना बाहेर नेले नसते तर तो दिवा आला असता का, कोण जाणे.

आता नकाशा. खिडक्यांची खालची कड मी दोन फुटांवर आणली आहे, खाटेच्या उंचीच्या जवळ, म्हणजे पडल्या पडल्या डोंगर आणि आभाळ दिसेल. लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २० अंशांवर आहोत. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला निम्म्या आभाळापर्यंतच चढतो, मे महिन्यात डोक्यावर असतो. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटी छज्जा घातला की थंडीत दुपारी निम्म्या खिडकीतून ऊन आत येते आणि मार्च-अखेरपासून पावसाळा सरेपर्यंत भरदुपारचे ऊन बाहेरच राहते. एवढ्याला वीज लागत नाही, गवंडी आणि ओळंबा पुरतो. पश्चिमेला मात्र भांडारघर आणि जवळपास कोरी भिंत. तिकडून तिरका पाऊस येतो आणि संध्याकाळचे जळते ऊन. त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्याला आपला वॉर्ड काहीसा घुमा दिसेल. दिसू दे.

छपराला नुसता पत्रा नको, एवढा माझा हट्ट आहे. आषाढात पेठ-सुरगाण्याचा पाऊस पत्र्यावर पडतो तेव्हा स्टेथोस्कोपने छाती ऐकू येत नाही, हे मी स्वतः डॉक्टरांबरोबर उभे राहून पाहिले आहे. फळ्यांवर कौले घालू. डासांसाठी सगळीकडे जाळी. जाळी वारा अडवते, म्हणून खिडक्या आणखी मोठ्या. बाळंतपणाची आणि शस्त्रक्रियेची खोली यातून वेगळी ठेवली आहे. तिथे आडोसा, स्वच्छता आणि गाळलेली हवा हीच महत्त्वाची, उजेड उंचावरच्या बंद काचेतून.

आणि आता ज्यावरून समितीत वाद आहे ती आठ फुटी ओसरी आणि तिच्या टोकाची चुलीची जागा. दोन्ही काढली तर तेवढ्याच पैशांत सहा खाटा वाढतात. आकडा खरा आहे, मीच काढून दिला. मदतदारांना पत्रात ‘सोळा खाटा’ लिहायला बरे वाटेल, ‘दहा खाटा आणि एक ओसरी’ यापेक्षा. पण आपल्याकडे एका रुग्णाबरोबर चार माणसे येतात, कधी शेळीही येते. ओसरी नसेल तर ती माणसे जिन्यात झोपतील, शौचालयाच्या दाराशी भाकरी थापतील, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या रुग्णाला उठवून घेऊन जातील. मग सोळापैकी भरलेल्या खाटा किती राहतील, ते मला विचारू नका, सिस्टरांना विचारा. माझे मत ओसरीच्या बाजूने आहे आणि ते मी लपवत नाही.

समोरचा आंबाही नकाशात आहे. त्याच्या बुंध्याभोवती पार बांधायचा आहे. नोंदणीचे टेबल पावसाळा सोडून तिथेच ठेवू. माणसे नाहीतरी तिथेच बसणार.

मतदान चहानंतर आहे. बाजूच्या खोलीत मी एक लोखंडी खाट आणून ठेवली आहे. तिच्याशेजारी लाकडी चौकट उभी केली आहे, ती खाली-वर सरकते. आधी चार फुटांवर लावा, मग दोन फुटांवर. तिच्यापलीकडे खोलीची खरी खिडकी आहे आणि बाहेर कडुनिंब. चहा घेऊन या, चपला काढून दोन मिनिटे आडवे व्हा. पाळकसाहेब, सुरुवात तुम्ही करा.