दिलेला शब्द आणि घराचा करार



मी वकील नव्हे. शाळा सातवीत सुटली. कायदा शिकलो तो कारखान्याच्या दारात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे मालक-कामगारांचा समझोता लेखी आणि सहीचा असावा लागे. म्हणून मालकाचा शब्द पांढऱ्यावर काळा झाल्याखेरीज मी बैठकीतून कधी उठलो नाही. आणि तोच मी, बिल्डरच्या कचेरीत चहा पिऊन, करार न वाचता सही करून आलो!

“लिफ्ट बसवून देतो,” असे तो म्हणाला होता. ताबा मिळाला, लिफ्ट नाही. मजला तिसरा आणि आईचे गुडघे दुखरे. दीड वर्ष तिने रस्ता पाहिला तो खिडकीतून.

तोंडी कराराला किंमत नसते, असे लोक म्हणतात. तसे नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही बंधनकारक ठरू शकतो. आपल्या जागेवर घर बांधणाऱ्या कंत्राटदाराशी झालेली बोलणी साक्षीदार, पावत्या, मोबाईलवरचे संदेश यांनी शाबीत करता येतात. परंतु एकदा लेखी करारावर सही झाली, की त्याच्या अटी बदलणारी आधीची तोंडी बोलणी सहसा पुढे करता येत नाहीत. फ्लॅटच्या बाबतीत तर २०१६ च्या रेरा कायद्याने, किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करून त्याची नोंदणी करणे बिल्डरवर बंधनकारक केले आहे.

आम्हांला तारले शेजारच्या वहिनींनी. जाहिरातीचे पत्रक त्यांनी फळीवर डब्यांखाली अंथरले होते. त्यावर ‘लिफ्टची सोय’ असे छापलेले! जाहिरातीतील खोट्या माहितीमुळे झालेले नुकसान बिल्डरने भरून द्यावे, असे रेराचे कलम १२ सांगते. आम्ही बावीस घरे एकत्र झालो, पत्रक पुढे ठेवले, तडजोड झाली आणि लिफ्ट आली. ही तडजोड मात्र आम्ही लेखी घेतली.

तेव्हा बोलणी झाली की त्याच रात्री पत्र लिहा : ‘आज आपण अमुक देण्याचे कबूल केले.’ पोच जपून ठेवा. ती गोष्ट करारात आली आहे ना, हे पाहूनच सही करा. शब्द खरा असेल तर तो लिहून देण्यास हरकत कसली? हा प्रश्न मी तीस वर्षे मालकांना विचारला. बिल्डरला विचारायचा राहून गेला. तुम्ही तो जरूर विचारा.