इबेयी: जुळ्या बहिणींचं गाणं

लिसा आणि नाओमी दियाझ या जुळ्या बहिणींची जोडी म्हणजे इबेयी. जन्म पॅरिसचा, आई फ्रेंच-व्हेनेझुएलन, वडील आंगा दियाझ क्यूबाचे नामवंत तालवादक. २००६ साली वडील गेले, तेव्हा मुली अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. नाओमीने त्यांचा काहोन हाती घेतला. हे लाकडी खोकं; वादक त्यावरच बसून पुढच्या फळीवर थाप देतो. मधोमध खर्ज उमटतो, वरच्या कडेला कडक बोल. नाओमीचा बाता हा ढोल मात्र पखवाजासारखा दुतोंडी. लिसा पियानोवर असते. गुलाम म्हणून क्यूबात नेलेल्या योरुबा लोकांनी जपलेली देवतांची गाणी दोघी इंग्रजीच्या जोडीने गातात. किती जिव्हाळ्याने गातात! २०१५ साली आलेल्या पहिल्या अल्बममधलं ‘रिव्हर’ आधी ऐका.