काय दुखतंय, आजी?

१९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने एका निरोगी मॉडेलला पांगळ्या रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवलं. तेव्हा लोक हसले. आज नर्सिंगच्या शिक्षणातही ही पद्धत रुळली आहे.

पण रुग्ण व्हायचं नर्सिंगच्याच मुलींनी, म्हणजे पंचाईत! त्यांना आजार आधीच ठाऊक. हृदयविकार म्हटलं की पुस्तकातली लक्षणं ओळीने म्हणून मोकळ्या होतात. आमच्या वसईतली आजी अशी बोलते का? ती म्हणणार, “काही नाही गं, जरा वारा धरलाय.” घाम फुटला होता, हे विचारल्याशिवाय सांगणार नाही. गोळ्या महाग म्हणून सोडल्या, हे तर सुनेसमोर मुळीच नाही.

म्हणून या मुलींना आधी विसरायला शिकवावं लागतं. विचारलं तेवढंच सांगायचं आणि समोर कुणीही आलं, तरी माहिती तीच द्यायची. मग भूमिका उतरवून सांगायचं, “तू माझ्याकडे न बघता लिहीत होतीस, तेव्हा मी गप्प झाले.” हे ऐकणं परीक्षेतल्या गुणांपेक्षा झोंबतं.

मी शब्दांचा माणूस. ठणका वेगळा, कळ वेगळी, ठसठस वेगळी. केसपेपरवर मात्र सगळ्यांचं एकच ‘पेन’. वसई-विरारमध्ये तर सामवेदी, वाडवळी, कोळी बोली आणि नालासोपाऱ्यातली हिंदी. भूमिका लिहून देणाऱ्यांनी त्या विद्यार्थिनीला खुशाल तिच्या घरच्या बोलीत कण्हू द्यावं. समोरचीला कळलं नाही, तर तिने पुन्हा विचारावं.