मुलाखतीचा वेष : नेटका आणि आपला

(सैनिकी निवासी शाळांच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



राष्ट्रासमोर इतके गंभीर प्रश्न उभे असताना मुलाने मुलाखतीला कोणता सदरा घालावा, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु ज्या घरातून अकरा-बारा वर्षांचा मुलगा प्रथमच बाहेर पडणार आहे, त्या घराला विचारून पाहा. मुलाखतीचे पत्र आले की अभ्यासाची वही मिटते आणि कापडाच्या दुकानाची वाट धरली जाते. कोणी कोट भाड्याने आणतो, कोणी उसनवारी करून बूट घेतो. या धावपळीच्या मुळाशी एक भीती असते. आपला मुलगा त्या मोठ्या शाळेत, त्या इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींत शोभेल का, ही ती भीती. कपड्यांचा प्रश्न तिच्या मागून येतो. म्हणून आज मला प्रथम त्या भीतीविषयी बोलायचे आहे आणि मग सदरा, पँट, बूट यांच्याविषयी.

मुलाखतीचे स्थान

वस्तुस्थिती आधी पाहू. देहरादूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात आठव्या इयत्तेसाठी वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर महिन्यांत, परीक्षा होते. वयाची अट साडेअकरा ते तेरा वर्षांची. लेखी परीक्षेला गणिताचे २००, इंग्रजीचे १२५ आणि सामान्य ज्ञानाचे ७५ असे ४०० गुण असतात. त्यानंतरच्या मुखपरीक्षेला ५० गुण असतात आणि तिच्यातही निम्मे गुण मिळवावेच लागतात. छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ साली राज्य शासनाने सुरू केलेल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेतही लेखी परीक्षेनंतर मुलाखत होते. सातारच्या सैनिकी शाळेसारख्या शाळांची निवड आता लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी यांवर होते. तिथे मुलाखतीचा प्रश्न उरलेला नाही. अनेक खासगी निवासी शाळा मात्र मुलाशी आणि पालकांशी बोलल्याशिवाय प्रवेश देत नाहीत.

या मुलाखतीत तपासले जाते ते मुलाचे मन. प्रश्न समजून घेतो का, माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणतो का, समोरच्याच्या नजरेला नजर देतो का, घरापासून दूर राहण्याची त्याची तयारी आहे का. या कसोटीत कपड्यांना स्वतंत्र गुण नसतात. पण कपडे मुलाला मोकळे ठेवू शकतात, तसेच ते त्याला जखडूनही टाकू शकतात.

मी स्वतः अशा मुलाखतींच्या मंडळात बसलो आहे. एकदा ग्रामीण भागातून आलेला एक मुलगा समोर आला. कोट दोन मापांनी मोठा, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, गळ्याभोवती इलॅस्टिकचा टाय. प्रत्येक उत्तराच्या आधी तो बाह्या मागे सारत होता आणि टाय चाचपत होता. शेवटी मंडळातील एका वयोवृद्ध सदस्यांनी त्याला कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवायला सांगितले आणि विचारले, "तुमच्याकडे विहिरीला पाणी किती दिवस पुरते?" मुलगा जो बोलू लागला तो दहा मिनिटे थांबला नाही. पंपाची अश्वशक्ती, विजेच्या वेळा, वाफ्यांचा हिशोब, सारे काही त्याने सांगितले. त्या कोटात एक हुशार मुलगा झाकून गेला होता. आईवडिलांनी मोठ्या प्रेमाने आणि बहुधा न परवडणाऱ्या खर्चाने तो कोट त्याच्या अंगावर चढवला होता.

टायचा धाक कुठून आला?

या भीतीला इतिहास आहे. देहरादूनची ही संस्था १३ मार्च १९२२ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते आणि त्याच्याच नावाने सुरू झाली. इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयासाठी भारतीय मुले तयार करणे, हा तिचा हेतू होता. राज्यकर्त्यांच्या रीतिभाती उचलल्याशिवाय त्या काळी अधिकारपदाची दारे उघडत नव्हती. त्यामुळे 'साहेबासारखा दिसतो तो लायक' हे समीकरण आपल्या मनात रुजले. साहेब १९४७ साली गेला. समीकरण मागे राहिले.

या समीकरणाला उत्तर देणारी माणसे याच भूमीत झाली. गोलमेज परिषदेहून परतताना १९३१ साली डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी युरोपातील लष्करी शिक्षणसंस्था पाहिल्या. १९३५ साली त्यांनी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभे राहिले. भारतीय मुलाने सैनिकी शिक्षण आपल्या भूमीत, आपल्या संस्कारांत घ्यावे, ही त्यामागील आकांक्षा होती. स्वातंत्र्यानंतर, २३ जून १९६१ रोजी, साताऱ्याला देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. सैन्यातील अधिकारीवर्ग ठरावीक प्रांतांतून आणि ठरावीक थरांतूनच येऊ नये, सामान्य घरातील मुलालाही ती वाट मिळावी, हा त्या योजनेचा उद्देश होता. ज्या शाळांची दारे सामान्य मुलासाठी उघडली गेली, तिथे जाताना त्याला 'असामान्य' दिसण्यासाठी भाड्याचा कोट चढवणे हा त्या उद्देशाचाच विसर नव्हे काय?

येथे एक सावधगिरी मात्र हवी. कोट परका आणि धोतर स्वदेशी, म्हणून कोटाचा धिक्कार करा, असे मी सांगत नाही. १९३१ सालीच गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले ते पंचा आणि शाल अशा वेषात. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सूट परिधान करून बसले होते. ज्या समाजाला शतकानुशतके चांगले वस्त्र नेसण्याचाही अधिकार नाकारला गेला, त्या समाजाच्या नेत्याने नीटनेटका सूट घालणे हा स्वाभिमानाचा उच्चार होता. दोन वेष परस्परांहून अगदी भिन्न. पण दोन्ही त्या त्या माणसाचे स्वतःचे होते. संघाच्या गणवेशाचेही पाहा. प्रारंभी त्यातील सदराही खाकी होता, पुढे तो पांढरा झाला. आणि २०१६ च्या विजयादशमीपासून खाकी अर्ध्या विजारीच्या जागी तपकिरी पूर्ण विजार आली. शाखा तीच राहिली, वेष काळाप्रमाणे बदलला. वेष हे साधन आहे, हे ज्याला उमगले त्याला त्याचा धाकही वाटत नाही आणि त्याचे वेडही लागत नाही.

मुंजीचा धडा

आपल्या परंपरेत गुरुगृही जाणाऱ्या मुलाच्या वेषाचा विचार फार पूर्वी झाला आहे. 'मुंज' हा शब्दच पाहा. मुंज नावाच्या गवताची मेखला बटूच्या कमरेला बांधायची, म्हणून ते मौंजीबंधन. आपण संस्काराला नाव दिले ते वेषातील एका वस्तूवरून! मेखला, दंड, साधे वस्त्र एवढाच त्याचा संसार. स्मृतिकारांनी त्यातही वर्णावर्णांत भेद केले. त्या भेदांचे समर्थन आज कोणी करू नये. पण मूळ कल्पना मोलाची होती. घर सोडताना घराची श्रीमंतीही उंबरठ्याच्या आत ठेवायची. सांदीपनींच्या आश्रमात श्रीकृष्ण आणि सुदामा एकत्र लाकडे आणायला जात, तेव्हा राजकुळातील कोण आणि दरिद्री घरातील कोण हे वस्त्रावरून ओळखता आले नसेल. आजच्या निवासी शाळेचा गणवेश हेच काम करतो. प्रवेश मिळाल्यावर सर्वांच्या अंगावर एकच कापड येणार आहे. मग एका सकाळपुरते वेगळे आणि वरचढ दिसण्याचा अट्टाहास कशासाठी?

मग घालावे काय?

आता व्यवहाराकडे वळू. संस्थेच्या सूचनापत्रात वेषासंबंधी काही लिहिले असेल तर ते अक्षरशः पाळावे. काही लिहिलेले नसेल तर पांढरा किंवा फिकट रंगाचा, साधा, कॉलरचा सदरा आणि गडद रंगाची पूर्ण पँट पुरेशी आहे. सध्याच्या शाळेचा गणवेश मापाचा आणि चांगल्या स्थितीत असेल, तर सहसा त्याच्यासारखा दुसरा पोशाख नाही. त्या गणवेशात टाय असेल तर तो अवश्य बांधावा. रोजची सवय असल्यामुळे तो गळ्याला टोचत नाही. नसेल तर नवा आणू नये. थंडी असेल तर साधा स्वेटर घालावा.

कापड जुने असले तरी चालेल, मळके चालणार नाही. गुंडी तुटलेली नसावी, कॉलर स्वच्छ असावी, इस्त्री केलेली असावी. पँटची दुमड बुटावर नीट टेकावी, टाचेखाली येऊ नये. पट्टा साधा असावा. बूट काळे, नाडीचे, पॉलिश केलेले. मोजे धुतलेले आणि बुटांच्या रंगाशी जुळणारे. नवे बूट घेणे अटळच असेल, तर ते निदान पंधरा दिवस आधी घ्यावेत आणि रोज तासभर घालून फिरावे. मुलाखतीच्या दिवशी प्रथमच घातलेला बूट टाचेला चावतो, आणि मग मुलाचे लक्ष प्रश्नाकडे राहत नाही. केस चार-पाच दिवस आधी कापावेत, नखे आदल्या दिवशी. खिशात एक स्वच्छ रुमाल असावा. महागडे घड्याळ, सोन्याची साखळी, अंगठी, अत्तर यांपैकी काहीही नको.

आदल्या आठवड्यात एकदा तोच पोशाख घालून मुलाला घरात वावरू द्यावे. त्याला खुर्चीवर बसायला, उठायला, वाकून नाडी बांधायला सांगावे. बसल्यावर सदरा पँटमधून बाहेर येत असेल, मांडीशी पँट ताणत असेल, तर ते घरीच कळलेले बरे.

आता एक नाजूक प्रश्न. पालक मला हलक्या आवाजात विचारतात, "मुलगा रोज कपाळाला गंध लावतो. मुलाखतीला ते पुसून पाठवावे का? मनगटावरचा धागा काढावा का?" माझे उत्तर असे आहे. जे रोजचे आहे ते लाजून पुसू नका आणि जे रोजचे नाही ते त्या दिवशी मुद्दाम लावू नका. नित्य संध्या करणाऱ्या मुलाच्या कपाळावरचे गंध त्याच्या चेहऱ्याचाच भाग असते. पण मंडळावर छाप पडावी म्हणून त्याच सकाळी ओढलेला टिळा आणि भाड्याचा कोट यांत तत्त्वतः काहीही फरक नाही, दोन्ही मुखवटेच. कुणी त्या गंधाविषयी विचारले, तर मुलाला दोन वाक्यांत सांगता यावे की तो ते का लावतो. सांगता येत नसेल, तर ती उणीव आपल्या घरातील संस्कारांची आहे. वैद्यकीय तपासणीच्या वेळी धागेदोरे काढायला सांगितले, तर निःशंकपणे काढावेत. शिस्त पाळल्याने श्रद्धा भंगत नाही.

हात कोणाचे?

मातांना माझी विशेष विनंती आहे. मुलाखतीचे कपडे तुम्ही इस्त्री करून देऊ नका. कठीण आहे हे मला ठाऊक आहे. काही दिवसांनी तो दूर जाणार म्हणून तुमचा हात अधिकच पुढे धावतो. परंतु निवासी शाळेत पहाटे त्याच्या बुटांना पॉलिश करायला आई नसणार, तुटलेली गुंडी लावायला आजी नसणार. सुईत दोरा ओवणे, सदऱ्याची घडी घालणे, स्वतःचे मोजे धुणे हे त्याला आत्ताच शिकवा. इस्त्रीला एखादी सुरकुती राहिली तर राहू द्या. स्वतः तयार केलेला पोशाख अंगावर असलेला मुलगा जेव्हा खोलीत पाऊल टाकतो, तेव्हा त्याच्या चालीत एक निराळी खात्री असते. अनुभवी परीक्षकाला ती दारातच दिसते.

वडिलांना एवढेच सांगतो की, मुलाच्या कपड्यांसाठी कर्ज काढू नका. ते कर्ज मुलाला कळते. मग तो खुर्चीवर बसतो तेव्हा त्याच्या खांद्यावर कोटाबरोबर तुमच्या हप्त्यांचेही ओझे असते. आणि शाळांच्या चालकांनाही, ते येथे उपस्थित नसले तरी, सांगावेसे वाटते : सूचनापत्रात 'साधा, स्वच्छ पोशाख पुरेसा आहे' एवढे एक वाक्य छापा. त्या एका वाक्याने शेकडो घरांची रात्रीची झोप वाचेल.

बालमित्रांनो, शेवटचा शब्द तुमच्याशी. निवड होईल किंवा होणार नाही. जागा थोड्या असतात आणि इच्छुक पुष्कळ. निवड झाली नाही तरी तुमच्या योग्यतेला उणेपणा येत नाही. देशाची सेवा करण्याच्या वाटा अनेक आहेत. मात्र आदल्या रात्री बुटांना पॉलिश स्वतः करा, सदरा स्वतः खुंटीला अडकवा आणि लवकर झोपा. सकाळी आईवडिलांना नमस्कार करा. दारातून आत जाताना आपण काय घातले आहे हे विसरून जा आणि समोरून येणारा प्रश्न नीट ऐका.

भारत माता की जय!