घरचा संगणक बंद पडतो तेव्हा

खापरखेड्यात ‘ट्रिप’ या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. युनिट ट्रिप झाले म्हणजे ते मोडले असे नव्हे, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. कुठेतरी उष्णता वाढली, कुठे दाब बिघडला, आणि पुढचा अनर्थ टळावा म्हणून संच आपण होऊन थांबला, एवढाच त्याचा अर्थ. इथल्या औष्णिक केंद्राचा पहिला संच 1989 साली सुरू झाला. पुढे 210 मेगावॅटचे चार आणि 500 मेगावॅटचा एक असे पाच संच होऊन केंद्राची क्षमता 1,340 मेगावॅट झाली. एवढ्या मोठ्या यंत्रापैकी एखादा संच थांबला, तर कोणी धावत जाऊन पुन्हा कळ दाबत नाही. आधी नोंद पाहतात, पहिली धोक्याची सूचना कोणती आली ते शोधतात. कारण दूर झाले, मगच संच पुन्हा लावतात.

आता हीच मंडळी पाळी संपवून घरी येतात आणि घरचा संगणक बंद पडलेला पाहतात. तेव्हा काय होते? कळ दाबतात, पुन्हा दाबतात, डब्याला एक चापट मारतात. शेवटी तो उचलून दुकानात नेतात आणि सांगतात, “काहीही करा, पण चालू करून द्या.” श्रोतेहो, या “काहीही करा”मध्येच खरा धोका आहे. संगणक पुन्हा विकत मिळतो. पण त्यात ठेवलेली गेलेल्या आजोबांची छायाचित्रे, मुलीने सहा महिने खपून लिहिलेला प्रबंध, दुकानाचा चार वर्षांचा हिशेब, या गोष्टी बाजारात मिळत नाहीत. यंत्र चालू झाले आणि आतले सगळे पुसले गेले, अशी दुरुस्ती काय कामाची?

तेव्हा पहिले काम नोंदीचे. एक कागद घ्या आणि यंत्र नेमके कोणत्या पायरीवर अडते ते लिहा. पायऱ्या चारच आहेत. कळ दाबूनही काहीच हालत नाही, ही पहिली. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, ही दुसरी. कंपनीचे चिन्ह उमटते आणि मग ठिपक्यांचे चक्र नुसते फिरत बसते, ही तिसरी. सगळे नीट सुरू होते, पण दहा-पंधरा मिनिटांनी यंत्र एकाएकी बंद होते, ही चौथी. पडद्यावर काही अक्षरे आली तर मोबाइलने त्यांचे छायाचित्र काढून ठेवा. ‘पिप् पिप्’ असा आवाज आला तर तो किती वेळा आला ते मोजा. यंत्र आपल्या परीने आपले दुखणेच सांगत असते.

नोंदीचे हे महत्त्व जुनेच आहे. 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या संगणकात बिघाड झाला. शोध घेता घेता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो पतंग वेळेच्या नोंदीसह वहीत चिकटवून ठेवला. ती वही आजही संग्रहालयात जपलेली आहे. पतंग निघाला यापेक्षा तो कुठे निघाला हे लिहून ठेवले, हे मला अधिक शिकण्यासारखे वाटते.

आता एकेक पायरी पाहू. पहिल्या प्रकारात आधी भिंतीकडे बघा. बोर्डात वीज आहे का? त्याच जागी मोबाइलचा चार्जर लावून पाहा. डब्याच्या मागे एक लहान बटन असते, ते झाडताना बंद झाले नाही ना? आमच्याकडे उन्हाळ्यात आणखी एक प्रकार घडतो. कूलर आणि संगणक एकाच बोर्डावर असतात. कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर दाब खाली येतो आणि संगणक मान टाकतो. दोघांची सोय वेगळी करा.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे पंखा फिरतो पण पडदा काळा असतो तेव्हा, पडद्याची वायर काढून पुन्हा घट्ट बसवा. तेवढ्याने भागले नाही तर संशय स्मृतीच्या पट्टीवर, म्हणजे रॅमवर घ्यावा. संगणक बंद करा, प्लग काढा, कळ काही क्षण दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. डब्याच्या उघड्या धातूला हात लावून मग पट्टी काढा. तिच्या सोनेरी दातांवरून पेन्सिलीचे स्वच्छ खोडरबर हलकेच फिरवा, कचरा झटका आणि खटका वाजेपर्यंत पट्टी बसवा. दोन पट्ट्या असतील तर एका वेळी एकच लावून पाहा. एका वेळी एकच बदल, हा नियम कधी मोडू नका. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तरी खोट कशात होती ते कळतच नाही.

चौथा प्रकार आपल्या गावाच्या खास ओळखीचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि हवेत कोळशाची नि राखेची बारीक धूळ असते. पंख्याखालच्या धातूच्या पात्यांमध्ये ती गोधडीसारखी बसते. आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि जळण्यापेक्षा थांबणे बरे म्हणून प्रोसेसर यंत्र बंद करतो. हे घरातले ट्रिप होणेच! कित्येक जण यावर उपाय म्हणून संगणक कूलरसमोर ठेवतात. तसे करू नका. ओल्या वाऱ्याने धुळीचा चिखल होतो आणि धातू गंजतो. डबा अंगणात न्या, नाकाला रुमाल बांधा, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रशने किंवा लांबून ब्लोअरने धूळ काढा. मात्र वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात झटका देण्याइतकी वीज साठून असते.

राहिला तिसरा प्रकार, आणि जपायचे ते इथेच. चिन्ह येते पण पुढे गाडी सरकत नाही, तेव्हा दोष विंडोजमध्ये असतो किंवा डिस्कमध्ये. डिस्कमधून ‘टक् टक्’ असा ठरावीक आवाज येत असेल तर यंत्र तत्काळ बंद करा आणि पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. प्रत्येक प्रयत्नाबरोबर आतले आणखी थोडे नष्ट होण्याचा संभव असतो. आवाज नसेल तर विंडोज बहुधा दोन-तीन अपयशांनंतर आपण होऊन दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यातून ‘सेफ मोड’मध्ये जाता आले तर पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, नकलेचे. महत्त्वाच्या फाइली आधी पेन ड्राइव्हवर उतरवा. ‘रीसेट’ करताना ‘फाइली ठेवा’ आणि ‘सर्व काढा’ असे दोन मार्ग विचारले जातात. ते वाचल्याशिवाय बोट लावू नका. फाइली ठेवल्या तरी तुम्ही घातलेले प्रोग्रॅम जातात, हेही ध्यानात असू द्या. बऱ्याच नव्या संगणकांत डिस्कला कुलूप असते. दुरुस्तीच्या वेळी ते 48 अंकांची किल्ली मागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. यंत्र ठीक आहे तोवरच ती वहीत उतरवून ठेवा.

एवढे करूनही गाडे अडले तर जाणकाराकडे जाण्यात कमीपणा नाही. पण हातात ती नोंद घेऊन जा आणि एकच वाक्य ठणकावून सांगा, “आधी डिस्कची नक्कल, मग दुरुस्ती. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट नको.” नाही तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोष पाच मिनिटांच्या धुळीचा असायचा आणि पुसली जायची घरातली सगळी छायाचित्रे.

आणि ज्यांचा संगणक आज उत्तम चालतो आहे त्यांनी तर हे काम आजच करावे. जे गमावणे परवडणार नाही त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क संगणकाला जोडून न ठेवता कपाटात ठेवा. मृगाची पहिली वीज कडाडली की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा. यंत्राला थांबण्याचा हक्क आहे. ते थांबले म्हणून आपण मात्र घाई करू नये.