न रंगवता येणारा देवमासा : ‘मोबी डिक’ आणि चित्रकला

हर्मन मेलव्हिल (१८१९–१८९१) याची ‘मोबी डिक’ ही कादंबरी १८५१ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एका खंडात प्रसिद्ध झाली. एका पांढऱ्या देवमाशाने पाय तोडल्यामुळे सूडाने पेटलेला कप्तान एहॅब आणि त्याच्या हट्टापायी बुडालेले ‘पीक्वॉड’ हे जहाज यांची ही कथा चित्रकारांना पुढे इतकी भुरळ घालील, याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती. मेलव्हिल स्वतः १८४१ च्या जानेवारीत अशाच एका शिकारी जहाजावर खलाशी म्हणून चढला होता. स्पर्म व्हेल, म्हणजे दात असणाऱ्या देवमाशांतील सर्वांत मोठी जात, डोक्यातील मेणासारख्या तेलासाठी मारली जाई, आणि त्या शिकारीतील कष्ट व धोका त्याने जवळून पाहिला होता.

चित्रकलेचा विचार मात्र बाहेरच्या चित्रकारांनी या कादंबरीवर लादलेला नाही. तो तिच्यातच भिनलेला आहे. तिसऱ्या प्रकरणात खाणावळीच्या प्रवेशदालनात धुराने काळवंडलेले एक तैलचित्र टांगलेले असून, निवेदक इश्माएल ते पुन्हा पुन्हा न्याहाळतो, शेजाऱ्यांना विचारतो, अंदाज बांधतो आणि मोडतो. वादळात अर्धे बुडालेले जहाज आणि त्याच्या तीन डोलकाठ्यांवर झेप घेणारा खवळलेला देवमासा असा अर्थ त्याला अखेर लागतो, पण तोही तर्कच असतो. या वर्णनामागे इंग्रज चित्रकार टर्नर याची सावली अभ्यासकांना दिसते. टर्नरने १८४५ आणि १८४६ मध्ये देवमाशांच्या शिकारीची जी चार चित्रे मांडली, त्यांत प्राणी जवळजवळ नाहीच. फेस, धुके आणि पिवळसर उजेड एवढेच आहे. ही चित्रे थॉमस बील याच्या देवमाशांवरील ग्रंथावरून सुचली, अशी नोंद मेलव्हिलने त्या ग्रंथाच्या आपल्या प्रतीत करून ठेवली होती.

पुढे ५५ ते ५७ या तीन प्रकरणांत मेलव्हिल देवमाशाच्या चित्रांचा जणू इतिहासच लिहितो. त्याची तक्रार साधी आहे: चित्रकारांनी किनाऱ्याला लागलेली, फुगलेली प्रेते पाहून चित्रे काढली आणि जिवंत प्राणी पाण्याखाली दडलेलाच राहिला. फ्रेंच चित्रकार गार्नेरे याच्या शिकारदृश्यांची तो मनापासून वाखाणणी करतो. देवमाशाच्या दातावर चाकूने चित्रे कोरण्याच्या कलेलाही, जिला ‘स्क्रिमशॉ’ म्हणतात, तो मानाचे स्थान देतो. मराठी वाचकाने थबकावे असे एक स्थळ येथेच येते. देवमाशाचे सर्वांत प्राचीन चित्रण मुंबईजवळच्या एलिफंटा, म्हणजे घारापुरीच्या लेण्यात आहे, असे मेलव्हिल सांगतो आणि तेथील मत्स्यावताराची शेपटी देवमाशाची नसून अजगराची वाटते, असा दोषही दाखवतो. वस्तुतः घारापुरीची मुख्य लेणी शैव आहेत. सदाशिव, अर्धनारीश्वर, गंगाधर, अंधकासुरवध अशा तिथल्या प्रसिद्ध शिल्पपटांत मत्स्यावतार नाही. मेलव्हिल हिंदुस्थानात कधी आला नव्हता, त्याचा हा परिचय पुस्तकी होता. ऐकीव चित्रांवर टीका करताना तोही ऐकिवावरच विसंबला, आणि या चुकीमुळे त्याचा मुद्दा खोटा ठरण्याऐवजी अधिकच बळकट होतो: हा प्राणी अखेरपर्यंत रंगवला न जाताच राहणार.

या निष्कर्षाशी पुढच्या चित्रकारांनी आपापल्या परीने झुंज दिली, आणि ज्यांनी तो गंभीरपणे घेतला त्यांचीच चित्रे टिकली. रॉकवेल केंट (१८८२–१९७१) याची चित्रे १९३० मध्ये शिकागोच्या लेकसाइड प्रेसने तीन खंडांत, १००० प्रतींच्या आवृत्तीत, ॲल्युमिनियमच्या वेष्टणात प्रसिद्ध केली. ती शाईने काढलेली असली तरी लाकडी ठशाच्या छापासारखी भासतात. त्याच वर्षीच्या रँडम हाउसच्या स्वस्त आवृत्तीच्या मुखपृष्ठावर केंटचे नाव होते, मेलव्हिलचे राहून गेले होते. केंटच्या एका विख्यात चित्रात ताऱ्यांनी भरलेल्या काळ्या आकाशाखाली देवमासा समुद्रातून सरळ उभा उसळतो. त्याचा पांढरा रंग म्हणजे शाई न लागलेला कोरा कागद. ४२ व्या प्रकरणात मेलव्हिलने पांढऱ्या रंगाला सर्व रंगांचा अभाव आणि सर्व रंगांचा मेळ अशा दोन्ही बाजूंनी पाहून त्याचे भय उलगडले आहे. ते भय केंटने रंग न लावता दाखवले, ही फार मोठी सिद्धी होय.

१९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एरियन प्रेससाठी बॅरी मोझर याने १०० लाकडी खोदचित्रे केली. लाकडाच्या आडव्या छेदावर बारीक हत्याराने रेघा कोरून हे ठसे तयार होतात. या आवृत्तीत एहॅब, इश्माएल यांपैकी कोणाचाही चेहरा नाही. भाले, दोर, होड्या, जहाजाचे भाग आणि देवमासे आहेत, आणि माणसे वाचकाने आपली आपण पाहायची आहेत. हा संयम प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा ठरतो.

अमूर्त चित्रकलेत हाच धागा आणखी ताणला गेला. जॅक्सन पोलॉकने १९४३ मध्ये ‘मोबी डिक’ नावाने जे चित्र केले, त्याचे नाव पुढे ग्रीक पुराणकथेतील राणीवरून ‘पासिफाए’ झाले आणि तरीही चित्राचे काही बिघडले नाही, कारण त्यात देवमासा ओळखू येण्याजोगा नव्हताच. फ्रँक स्टेला याने न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात पोहणारे बेलुगा देवमासे पाहिले आणि त्यांच्या हालचालीतून लाटेचा एक आकार घेतला. त्यातून १९८० च्या दशकाच्या मध्यापासून १९९७ पर्यंत कादंबरीच्या १३५ प्रकरणांची नावे असलेली धातूची भित्तिशिल्पे आणि छापचित्रे निर्माण झाली. मॅट किश या ग्रंथपालाने, कलेचे औपचारिक शिक्षण नसताना, आपल्या प्रतीच्या ५५२ पानांपैकी प्रत्येक पानासाठी एक चित्र काढले. त्यांतील बरीच चित्रे जुन्या यंत्रपुस्तकांच्या छापील पानांवर काढलेली आहेत.

कादंबरीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत पहिली कात्री चालते ती ५५ ते ५७ यांसारख्या प्रकरणांवरच. केंट, मोझर किंवा स्टेला यांची चित्रे पाहू इच्छिणाऱ्या वाचकाने तशी आवृत्ती बाजूला ठेवावी आणि मूळ कादंबरीतील ही तीन प्रकरणे आधी वाचावीत.